सारे घर एकाच गाडीत?

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपली होती आणि घरात ६ डिसेंबरच्या प्रवासाची बोलणी चालली होती. मनमाडहून दादर म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर. आमच्या एकत्र कुटुंबातली अकरा माणसे जाणार होती. त्यांत पंचाहत्तरी ओलांडलेली आमची आई आणि सर्वांत धाकटी पुतणी, वय वर्षे पाच. तिकिटांचा हिशेब आमच्याकडे होता. कारकुनी करणाऱ्या माणसाच्या हाती घरातली वही आपोआप येते.

तेवढ्यात कॉलेजात जाणारा पुतण्या म्हणाला, "काका, सगळ्यांनी एका गाडीने जायचं नाही. निम्मे सकाळी जाऊ, निम्मे रात्री. काही झालं तर निम्मं घर तरी राहील."

घरात एकदम शांतता झाली. बायकांनी भांडी घासायची थांबवली. आई मात्र लगेच म्हणाली, "आसं कसं बोलतो रं? जायचं तं संगं जायचं. काय व्हायचं ते संगं होईल. येकानं मागं राहून रडत बसायचं का?"

पुतण्याच्या डोक्यात हा विचार कुठून आला ते आम्ही ओळखले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. त्या विमानात एक डॉक्टर जोडपे आपल्या तीन लहान मुलांसह होते. निघण्यापूर्वी हसत काढलेला त्यांचा फोटो देशभर गेला. तो फोटो पाहून अनेक घरांत हाच प्रश्न निघाला असेल. १९८५ सालच्या २३ जूनला 'कनिष्क' विमानात स्फोट होऊन ३२९ माणसे गेली, त्यातही कितीतरी अख्खी कुटुंबे होती. तेव्हाही हाच प्रश्न निघाला होता.

त्या रात्री आम्ही पुतण्याला उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर महिला मंडळातल्या एका ताईंनीही तेच विचारले. घरोघरी हा विषय आहे हे कळले, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या घरात घडलेले

वाचकहो, हा प्रश्न आमच्या दृष्टीने कागदावरचा नाही. मार्च २०११ मध्ये आमच्या आतेभावाच्या वस्तीतले वऱ्हाड लग्नाला निघाले. लग्न शेजारच्या तालुक्यात होते. बस परवडत नाही म्हणून माल वाहणारा टेम्पो ठरवला. मागे सतरंजी टाकली, म्हाताऱ्यांना टेकायला गाद्या दिल्या आणि तीस-बत्तीस माणसे उभी-बसलेली निघाली. परतताना रात्र झाली. घाटाच्या उतारावर टेम्पो उलटला. आतेभाऊ, वहिनी आणि बारा वर्षांचा मुलगा, तिघेही गेले.

मुलगी घरी होती. तिची दहावीची परीक्षा चालू होती, म्हणून ती आजीजवळ राहिली होती. म्हणून वाचली.

पुढचे दीड वर्ष आम्ही त्या मुलीबरोबर कार्यालयांचे उंबरठे झिजवले. मोटार अपघाताचा दावा लावला. विमा कंपनीने सांगितले, हे मालवाहू वाहन आहे, यात प्रवाशांचा विमा नाही. आम्ही चिडलो, भांडलो. पुढे वकिलांनी समजावले की कायदा तसाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्येच स्पष्ट केले होते, की मालवाहू गाडीत बसवलेल्या प्रवाशांची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही. मालाचा मालक मालाबरोबर बसला असेल तर गोष्ट वेगळी. वऱ्हाड म्हणजे माल नव्हे. मग भरपाई कोणी द्यायची? टेम्पोमालकाने. त्याच्या नावावर त्या टेम्पोशिवाय काही नव्हते, आणि टेम्पोवर कर्ज होते.

बँकेचे खाते नवरा-बायकोचे जोडीने. विम्याच्या पॉलिसीत नवऱ्याने बायकोचे नाव वारस म्हणून लावलेले, बायकोच्या बचतीत नवऱ्याचे. दोघेही एका रात्रीत गेले. आता पैसे द्यायचे कोणाला? मुलगी अज्ञान, आजी निरक्षर. वारस दाखल्यासाठी कोर्टात जावे लागले. आम्ही बी.कॉम. शिकलेले, कागदांत आयुष्य गेलेले. तरी आमची दमछाक झाली. ज्या घरात कागद वाचणारे कोणी नाही त्या घराचे काय होत असेल?

ती मुलगी आज परिचारिका आहे. एकदा ती म्हणाली, "काका, लोक म्हणतात तू गेली नाहीस म्हणून वाचलीस. मला वाटतं, ते एस.टी.ने गेले असते तर आम्ही चौघं असतो."

आमच्या पंचवीस पानी अर्जांत जे आले नाही ते त्या मुलीने एका वाक्यात सांगितले. वेगळे राहिल्यामुळे एक वाचली. नीट गाडीने गेले असते तर चारही वाचले असते. या लेखात आम्हांला एवढेच सांगायचे आहे. बाकी सारा तपशील.

दोन गाड्यांचा हिशेब

प्रथम साधे गणित करू. समजा, एखाद्या मार्गावर हजार फेऱ्यांत एका फेरीला जीवघेणा अपघात होतो. हा आकडा केवळ समजण्यासाठी धरला आहे. सारे घर एका गाडीने गेले तर हजारात एकदा सारे घर संपेल.

आता घर दोन गाड्यांत विभागले. दोन्ही गाड्यांना एकाच वेळी अपघात होण्याचा संभव दहा लाखांत एक, म्हणजे जवळजवळ नाहीच. घराला कुलूप लागण्याची भीती गेली. पण कोणत्या तरी एका गाडीला अपघात होण्याचा संभव किती? हजारात दोन! म्हणजे घरावर दुःखाचा प्रसंग येण्याचा संभव दुप्पट झाला. आणि एकेका माणसाच्या जिवाचे पाहाल तर त्याला काहीच फरक पडला नाही. तो एका गाडीत असो की दुसऱ्या, त्याला धोका हजारात एक तो एकच.

तेव्हा लक्षात घ्या, वेगवेगळे गेल्याने कोणाचाही प्रवास सुरक्षित होत नाही. फक्त सारे एकदम जाण्याचे टळते. पुतण्याचे म्हणणे इतपत बरोबर आहे. त्यापुढे नाही.

शिवाय हे गणित दोन गाड्या एकमेकींपासून वेगळ्या असतील तरच खरे. आपल्याकडे दोन जीप केल्या की त्या एकामागे एक धावतात. पुढचीने वेग वाढवला की मागचीही वाढवते. रस्ता तोच, रात्र तीच, ड्रायव्हरची झोपही तीच. यात विभागणी झाली कुठे? उलट चढाओढ वाढली.

कोणी म्हणतात, इंग्लंडच्या राजघराण्यात दोन वारसदार एका विमानात बसत नाहीत, मग आपण का बसावे? तसा रिवाज सांगितला जातो हे खरे. पण तो कायदा नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये राजपुत्र विल्यम पत्नीसह आणि काही महिन्यांच्या मुलासह एकाच विमानाने न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले. तिथे गादीला वारस हवा म्हणून ही काळजी. आपल्या घरात गादी नाही. आपल्या घरात मागे राहणाऱ्या पोराला शाळेत कोण घालील, ही काळजी. ती राजाच्या काळजीपेक्षा मोठी आहे.

वेगळे जाण्याची किंमत

वेगळे जायचे म्हणजे कोणी कोणाबरोबर जायचे? पुतण्याने जी विभागणी केली तीत सकाळच्या गाडीत तो, त्याचे मित्र आणि भाऊ. रात्रीच्या गाडीत आई, बायका आणि लहान मुले! आम्ही त्याला विचारले, "रात्री दोन वाजता दादरला उतरल्यावर आजीला कोण धरील? पिशव्या कोण उचलील? धाकटी झोपली तर तिला कोण घेईल?" तो गप्प झाला.

बहुतेक घरांत असेच होते. विभागणी करताना सोय पुरुषांची होते आणि जबाबदारी बायकांच्या पदरात पडते. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या एका पिशवीत आणि आई दुसऱ्या गाडीत, असेही घडते. अनोळखी स्टेशनावर मध्यरात्री मुलाबाळांसह थांबलेल्या बाईला विमान पडण्याच्या भीतीपेक्षा शेजारी येऊन उभ्या राहणाऱ्या दारुड्याची भीती जवळची असते. एकत्र असण्यातच तिची सुरक्षितता आहे.

म्हणून आम्ही असे म्हणू, की जिथे धोका गाडीच्या बाहेर आहे, म्हणजे स्टेशन, रात्र, अनोळखी गाव, तिथे एकत्र राहा. जिथे धोका गाडीतच आहे, तिथे विभागण्याआधी गाडी बदला.

गाडीत असलेला धोका

विमानात बसणारी आपल्यातली कुटुंबे थोडी. आपली कुटुंबे कशात बसतात? दुचाकीवर! नवरा पुढे, टाकीवर एक मूल, मध्ये दुसरे, मागे बायको आणि तिच्या हातात बाजाराची पिशवी. अख्खे कुटुंब एका वाहनावर जाण्याचा हा आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा प्रकार. आणि तो आपल्याला धोका वाटतच नाही.

केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के, म्हणजे जवळजवळ ७५ हजार, दुचाकीवरची होती. कायद्याने चालकामागे एकच माणूस बसू शकतो. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी लहान हेल्मेट आणि चालकाला बांधायचा पट्टा हवा, आणि मूल बरोबर असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. किती घरांना हा माहीत आहे? पोलीस दिसला की मुलाला खाली उतरवून चालवत नेणारे बाप आम्ही रोज पाहतो. पोलीस पावती फाडतो, तोच धोका वाटतो. ट्रक पावती फाडत नाही.

इथे मात्र विभागणे हाच खरा उपाय. सासुरवाडीला चौघांनी जायचे तर आईने मुलांना घेऊन एस.टी.ने जावे, बाप वाटल्यास दुचाकीने येवो. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी गाठलेल्या वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. आता 'परवडत नाही' हे कारण पूर्वीइतके खरे राहिलेले नाही.

लग्नाच्या वऱ्हाडाला टेम्पो किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली नको म्हणजे नको. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही तिथे प्रवासी नाही. गाडी उलटली तर विमा कंपनी हात वर करील, हे आम्ही भोगून सांगतो आहोत. एस.टी. महामंडळाची गाडी 'प्रासंगिक करारा'वर मिळते. महाग वाटत असेल तर मंडपाची झालर कमी करा, बँड कमी करा, वऱ्हाडातली चार माणसे कमी करा. पण उघड्या टेम्पोत माणसे कोंबून लग्नाची शोभा वाढवू नका.

रात्रीचा लांबचा प्रवास हाही तसाच विचार करण्याजोगा. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर बुलडाणा जिल्ह्यात नागपूरहून पुण्याला जाणारी खाजगी बस रात्री दीडच्या सुमारास अपघात होऊन पेटली. २५ प्रवासी गेले. गाडीत बसल्यावर आपण आधी खिडकी धरतो, मग उशी शोधतो. संकटकाळी बाहेर पडण्याचे दार कुठे आहे हे कोणी पाहत नाही. ते आधी पाहावे. मुलांना दाखवावे. आणि भाड्याची जीप असेल तर ड्रायव्हरला विचारावे, "दादा, काल रात्री झोप झाली का? आज याआधी कुठून आलात?" यात संकोच कसला? आपली माणसे आपण त्याच्या हाती देतो आहोत.

गर्दीत मात्र लहान गट

आता दादरची गोष्ट. ६ डिसेंबरला देशभरातून लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात. तिथे धोका गाडीचा कमी, गर्दीचा जास्त. दादरच्या शेजारच्याच तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. ती रोजच्या कामाला निघालेली माणसे होती. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्टेशनात १८ जण गेले. गाड्यांच्या नावांवरून गोंधळ झाला आणि माणसे एकाच जिन्याकडे धावली.

गर्दीत माणूस पायदळी तुडवूनच मरतो असे नाही. चारी बाजूंनी दाब आला की छाती फुगत नाही आणि उभ्या उभ्या श्वास कोंडतो. लहान मुले आणि बुटक्या अंगाच्या म्हाताऱ्या बायकांना आधी त्रास होतो. म्हणून अकरा जणांनी हात धरून लांब साखळी करू नये. साखळी गर्दीत अडते, ताणली जाते, कोणीतरी पडते आणि बाकीचे त्याच्यावर पडतात. आम्ही अकरांचे तीन गट केले, चार, चार आणि तीन. प्रत्येक गटात एक धडधाकट माणूस, एक वाचता येणारा आणि एक मोबाईल. लहान मूल आणि वृद्ध माणूस एकाच माणसाच्या हाती द्यायचे नाहीत, कारण प्रसंगी त्याला दोन्ही सांभाळता येत नाहीत.

भेटायची जागा आधी ठरवा. "एक नंबरवर भेटू" म्हणू नका. दादरला पूर्वी मध्य आणि पश्चिम रेल्वेचे दोन्ही 'एक नंबर' होते आणि कितीतरी कुटुंबे दोन टोकांना एकमेकांची वाट पाहत बसत. डिसेंबर २०२३ पासून फलाटांना सलग नंबर दिले आहेत. पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ पासून पुढे १४ पर्यंत. जुन्या माणसांच्या डोक्यात अजून जुने नंबर आहेत, त्यांना हे सांगा. आणि पुलावर किंवा जिन्याच्या तोंडाशी कधीही भेटायचे ठरवू नका. थांबणाऱ्यांमुळेच तिथे गर्दी कोंडते.

मुलाच्या खिशात नाव, गाव आणि दोन मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आजीच्याही कमरेच्या पिशवीत ठेवा. मोबाईलमध्ये नंबर असतात हे खरे, पण गर्दीत मोबाईल लागत नाही आणि बॅटरी संपते. मुलाला शिकवा की हरवलास तर रडत पळू नकोस, आहेस तिथेच कडेला उभा राहा आणि गणवेशातल्या माणसाला सांग. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक, पोलीस, पालिकेचे मदत कक्ष तिथे असतात. रेल्वेत अडचण आली तर १३९, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि कोणत्याही संकटात ११२, हे तीन नंबर मुलांना पाढ्यांसारखे पाठ हवेत.

दाब वाढतो आहे असे वाटले तर प्रवाहाच्या उलट जाऊ नका. तिरपे तिरपे कडेला सरका. दोन्ही हात छातीपुढे घ्या म्हणजे श्वासाला जागा राहते. मुलाला उचलून घ्या. चप्पल निसटली तर वाकू नका. चप्पल परत घेता येते.

कागदांची विभागणी

माणसे एकत्र जावोत वा वेगळी, कागद मात्र वेगळे ठेवलेच पाहिजेत. आधार, रेशनकार्ड, पासबुक, पॉलिसी अशा साऱ्यांची एकेक झेरॉक्स गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्या.

नवरा-बायकोने एकमेकांचे नाव लावले की वारसाचे काम संपले असे समजू नका. दोघे एकाच अपघातात गेले आणि कोण आधी गेले हे कळले नाही, तर १९५६ चा उत्तराधिकार कायदा असे धरतो, की वयाने मोठा आधी गेला आणि लहान नंतर. नावात 'हिंदू' शब्द असला तरी हा कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे मग कोणाचे पैसे कोणाकडून कोणाकडे जातात याचा गुंता सुरू होतो आणि मधल्या मधे मूल थांबून राहते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, एकामागून एक या क्रमानेही लावता येतात. तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर मुलांची नावे लावा. विम्यात मूल अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचेही नाव द्यावे लागते, ते रिकामे सोडू नका. आणि दोघांच्या पश्चात मुलांचा सांभाळ कोणी करायचा हे मृत्युपत्रात लिहून ठेवता येते. मृत्युपत्र श्रीमंतांनीच करायचे असते असे थोडेच आहे?

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. १८ ते ७० वयाच्या कोणालाही घेता येतो. रेल्वेचे आरक्षण ऑनलाईन करताना पन्नास पैशांहून कमी रकमेत विमा मिळतो, तिथे 'होय' करा आणि वारसाचे नाव भरा.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कोणी रागावू नये. रेल्वेने जाताना तिकीट काढा. साधे, बिनआरक्षणाचे का होईना. गाडीतून पडून किंवा अपघातात काही झाले तर रेल्वे कायद्याप्रमाणे भरपाईचा हक्क प्रवाशाला आहे. २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम आठ लाख आहे. खिशात तिकीट नसेल तर 'हा प्रवासी होता' हे सिद्ध करता करता वारसांच्या चपला झिजतात. तिकिटाचे ते दोन-अडीचशे रुपये वाचवून आपण आपल्याच पोरांच्या हक्कावर पाणी सोडतो.

शेवटी आम्ही काय केले?

आम्ही अकरा जण एकाच गाडीने गेलो. दिवसाच्या, रेल्वेने आणि तिकीट काढून. दादरला उतरल्यावर तीन गट केले. आईला मधल्या गटात ठेवले आणि तिचा हात पुतण्याच्या हाती दिला. कागदांची झेरॉक्स त्या परिचारिका झालेल्या पुतणीकडे ठेवून गेलो होतो. ती म्हणाली, "काका, या वेळी तरी बरं वाटलं."

परतताना गाडीत आई पुतण्याला म्हणाली, "माणसाची येळ भरली की कुठंबी भरती." पुतण्या आता तयार झाला होता. तो म्हणाला, "आजी, टेम्पोत बसल्यावर ती लवकर भरते." आई हसली. पण वाचकहो, हे हसण्यावारी नेऊ नका. 'नशिबात असेल ते होईल' असे म्हणून आपण सारा दोष न दिसणाऱ्या गोष्टीवर ढकलतो. तथागतांनी तर प्रत्येक दुःखाला कारण असते असे सांगितले. अपघातालाही कारण असते. जास्तीची माणसे, जागलेला ड्रायव्हर, उघडा टेम्पो, डोक्यावर नसलेले हेल्मेट. कारण हाती असेल तर ते काढून टाकणे हेही आपल्याच हाती आहे.

एकत्र जावे की वेगळे, हे घराघराने आपापल्या माणसांकडे पाहून ठरवावे. पण तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, गाडी कोणती. येत्या लग्नसराईत कोणी दारात येऊन म्हणाले, "चला, टेम्पो केलाय, सगळे मावतील," तर आमच्या आतेभावाच्या मुलीची आठवण ठेवा, आणि त्या टेम्पोत पाय ठेवू नका.